एका वर्षाचा डॉक्टर

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, आर्णीहून उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर महागाव आहे. तालुक्यात आंध आदिवासींची वस्ती आहे, बंजारा तांडे आहेत. शेजारच्या उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्याच्या जंगलातला ‘बंदी भाग’ लागतो. या पट्ट्यातली सरकारी आरोग्यसेवा पिढ्यान्‌पिढ्या चालली ती मुख्यतः बाहेरून आलेल्या आणि थोड्या मुदतीनंतर निघून जाणाऱ्या डॉक्टरांवर.

इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातले दवाखाने तालुक्याच्या गावी आणि मोठ्या बाजारपेठांत असत. 1914 मध्ये नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झाले आणि तिथून एल.एम.पी. पदविका घेतलेले डॉक्टर बाहेर पडू लागले. त्यांचे शिक्षण पदवीपेक्षा कमी मुदतीचे होते, आणि लहान गावात दवाखाना थाटणाऱ्यांत त्यांचा भरणा मोठा असे. 1946 च्या भोर समितीने ही पदविका बंद करून देशभर एकच पदवी ठेवण्याची शिफारस केली. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा त्यामुळे वाढला. पण पदवीधराला गावात राहायला लावणारी व्यवस्था सोबत उभी राहिली नाही, आणि त्याची किंमत आडवळणाच्या गावांनी मोजली.

याच समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. 1952 च्या समुदाय विकास योजनेपासून ती केंद्रे प्रत्यक्ष उभी राहू लागली, आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्यावर त्यांचा कारभार परिषदेकडे गेला. पुढे ठरलेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशात 30 हजार आणि आदिवासी वा डोंगराळ भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, तर अनुक्रमे 5 हजार आणि 3 हजारांमागे एक उपकेंद्र असावे लागते. इथे एक अडचण लक्षात घ्यावी लागते. 1985 च्या आदेशाने महाराष्ट्राचे अनुसूचित क्षेत्र ठरले, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातून मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी या तालुक्यांतली गावे त्यात आली. महागावचे आंध त्या रेषेबाहेर राहिले. शेजारच्या पुसदला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, तरी मिश्र गावांत विखुरलेली आदिवासी घरे नकाशावरच्या सीमेत मावत नाहीत. नियोजनातली ही त्रुटी साधी म्हणून सोडून देता येणार नाही.

यवतमाळला 1989 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुसद तालुक्यातल्या गहुलीत जन्मलेले माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे नाव त्याला दिले आहे. सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करायची, नाही तर 10 लाख रुपये भरायचे, असे बंधपत्र राज्यात लागू झाले. आरोग्य केंद्रात ‘बंधपत्रित’ डॉक्टर येतो तो याच मार्गाने. तो तरुण असतो, त्याची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी चालू असते आणि मुक्काम एका वर्षाचा असतो. बाळंतपण, सर्पदंश, पावसाळ्यातला हिवताप आणि अतिसार यांवर तो उत्तम उपचार करू शकतो. क्षयरोगाचे औषध मात्र किमान सहा महिने चालते, आणि विदर्भातल्या आदिवासींत आणि इतर समाजांतही आढळणारा सिकलसेल जन्मभराचा असतो. अशा रोग्याला दर वर्षी नव्या डॉक्टरपुढे आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते.

मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी 1993 मध्ये राज्यभर गाजली. त्यानंतर, 1995 मध्ये, नवसंजीवनी योजना आली. तिच्यात आदिवासी जिल्ह्यांसाठी, यवतमाळसह, भरारी पथके नेमली गेली. पथकातले मानसेवी डॉक्टर बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर. पावसाळ्यात रस्ता तुटण्याआधी गावे तपासायची, कमी वजनाची मुले आणि गरोदर बाया हेरायच्या, गरज पडल्यास दवाखान्यात पोचवायचे, हे त्यांचे काम. त्यांना बरीच वर्षे महिना 6 हजार रुपये मानधन होते. ते 24 हजार आणि पुढे 40 हजारांवर गेले. त्यांच्यातल्या कित्येकांनी एकाच भागात वर्षानुवर्षे काढली. नेमणूक हंगामी आणि काम कायमचे, हा अन्याय त्यांच्या वाट्याला दीर्घकाळ आला.

टिकून राहण्याचे प्रयोग सरकारी व्यवस्थेबाहेर झाले. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे भामरागडजवळ हेमलकसाला, 1973 मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात राहिले आणि माडिया भाषा शिकले. आंध समाज मराठी बोलतो, त्यामुळे महागावकडे येणाऱ्या डॉक्टरला भाषेची अडचण तितकी येत नाही. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, मात्र ती येते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली आणि गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि आशा कार्यकर्तींच्या घरभेटींमागे याच कामाचा आधार आहे.

डॉक्टर टिकत नाही, हा प्रश्न ऑस्ट्रेलियातही आहे. तिथे 1928 पासून विमानाने डॉक्टर दूरच्या वस्त्यांवर जातात, आणि काही आठवड्यांच्या करारावर आलेले डॉक्टर मूळ रहिवाशांच्या वस्त्यांवर दवाखाने चालवतात. 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात त्या समाजाने स्वतःच्या नियंत्रणाखाली दवाखाना काढला. डॉक्टर बदलला तरी संस्था समाजाच्या हाती राहते, हा या बदलाचा गाभा.

महाराष्ट्रात तेवढे टोकाचे पाऊल पडले नाही. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने गावातलीच आशा आणली. 2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका आली आणि 2018 नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या केंद्रीय तज्ज्ञ समितीने आदिवासी आरोग्यावरचा अहवाल 2018 मध्येच दिला. आदिवासींमधल्याच तरुणांना आरोग्यसेवेचे शिक्षण देण्यावर त्यात भर आहे.