मालवणच्या पाण्यात लिंबागणेशचा दम

जानेवारी 2017. मालवणच्या धक्क्यावरून सुटलेल्या होडीत तुम्ही अंगाला घट्ट बसणारा काळा रबरी पोशाख चढवून बसला आहात. समोर सिंधुदुर्गाचा तट, शिवाजी महाराजांनी 1664 साली समुद्रातल्या खडकावर बांधायला घेतलेला. आदल्याच उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं आणि तुम्ही तुमच्या गावी, लिंबागणेशला, टँकरची वाट पाहत होता. एवढं पाणी बघून तुमचे डोळे भरून येतात, आणि यायलाच हवेत.

होडीत पुण्याचे निवृत्त बँकवाले काका-काकू आणि नागपूरचं नवं जोडपं. गाइड शिकवतो: हवेच्या टाकीची नळी दातांत धरायची, श्वास फक्त तोंडाने. कान दुखले की नाक चिमटून फुंकायचं. अंगठा-तर्जनीचं कडं म्हणजे ठीक, अंगठा वर म्हणजे मला वर न्या.

काका पहिले उतरतात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे बघून हरखतात आणि अंगठा दाखवतात. गाइड त्यांना वर आणतो. "अहो, मी झकास म्हणत होतो!" पुन्हा खाली, पुन्हा मासे, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. शेवटी काकू होडीतून ओरडतात, "आता हाताची घडी घालूनच जा!"

नागपूरची नवरी खाली नवऱ्याला काहीतरी सांगायला जाते. नळी सुटते, नुसते बुडबुडे. वर आल्यावर ती विचारते, "मी काय म्हणाले, कळलं?" तो म्हणतो, "हो, अगदी बरोबर आहे." तो संसार सुखाचा झाला असणार, याबद्दल मला शंका नाही.

मग तुम्ही. पाणी डोक्यावर आलं की तुमची छाती आपोआप भरते आणि तोंड मिटतं. गाइड खांदा हलवतो, पुन्हा हलवतो, अखेर वर घेऊन येतो. "भाऊ, श्वास घ्या! टाकी भरलेली आसा." आणि तो समजावतो. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली छाती कोंडून वर आलं तर आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. इथे दम धरणं हाच धोका.

पण दम तर तुम्हाला विहिरीने शिकवलाय. चला तिकडे, मे 1986.

लिंबागणेशची मोटेची विहीर. पाण्यावर डिझेलचा वास, कपारीत पारवे, पाठीला बांधलेला पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला चऱ्हाट. दुसरं टोक आजोबांच्या हातात. गावचा देव भालचंद्र. गणपतीला हसल्याबद्दल शाप मिळालेल्या चंद्राने इथेच तप केलं, असं गाव मानतं. चंद्राला हसणं महागात पडलं, पण विहिरीवरच्या पोरांना त्याची अजिबात भीती नाही. पाहुणा बुडी मारायला निघाला की ती आधीच हसायला बसतात.

आज मुंबईचा मामेभाऊ निघालाय. डोक्याला रबरी टोपी, डोळ्यांना चष्मा. दर्शन उरकून थेट विहिरीवर आलाय. इथला नियम एकच: तळ गाठल्याचा पुरावा म्हणून मूठभर गाळ वर आणायचा. तो जोरात सूर मारतो. तुम्ही पायरीवर श्वास रोखून आकडे मोजता. बऱ्याच वेळाने तो पलीकडच्या पायऱ्यांजवळ वर येतो, मूठ उंचावलेली, त्यात काळी माती.

आजोबा खाली वाकतात, माती बोटांनी फोडतात. आतून दोन लेंड्या निघतात.

"पोरा," आजोबा गंभीरपणे विचारतात, "तळाला शेळ्या कधीपासून चरायला लागल्या रं?"

थारोळ्यावर बसलेली पोरं इतकी हसतात की त्यातलं एक तोल जाऊन डब्याशिवायच पाण्यात पडतं. आणि त्याला काढायला सगळ्यात आधी उडी घेतो तो मुंबईचा भाऊ, टोपी-चष्म्यासकट.