फाल्गुनराव-कृत्तिकेचा संसार

लिओ मॅकॅरे यांनी १९३७ साली दिग्दर्शिलेला 'द ऑफुल ट्रुथ' हा अमेरिकन बोलपट आम्ही अलीकडे पुन्हा पाहिला, तेव्हा प्रथम आठवण झाली ती गोविंद बल्लाळ देवलांच्या फाल्गुनराव-कृत्तिका या जोडप्याची. देवलांस आमच्या जिल्ह्याचे मानावयास हरकत नाही. बेळगावात ते शिकले आणि काही काळ तेथेच मास्तरकी करीत होते. कोगनोळीस मास्तरकीत केस पिकविलेल्या माणसास याचा थोडा अभिमान वाटला, तर वाचकांनी तो क्षम्य मानावा.

'फाल्गुनराव' हे गद्य नाटक १८९३ चे. आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग' (१७६१) या इंग्रजी नाटकावरून ते घेतलेले, आणि मर्फीच्या पाठीशी पुन्हा मोलियेर उभा आहेच. पुढे देवलांनी त्यात पदे घालून 'संशयकल्लोळ' सिद्ध केले. गंधर्व मंडळीने ते १९१६ त रंगभूमीवर आणले, पण तत्पूर्वीच देवल निवर्तले होते.

कथा परकी असली तरी घर मात्र मराठी आहे. मूर्च्छित रेवतीस सावरणारा फाल्गुनराव कृत्तिकेच्या दृष्टीस पडतो. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेस सापडते आणि ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला पाहतो. एवढ्यावर दोघांची झोप उडते. हे लिहिले गेले तो काळ ध्यानात घ्यावा. संमतिवयाच्या कायद्याचे रण १८९१ साली माजून गेले होते. रखमाबाईंच्या खटल्याची धग पुरती निवाली नव्हती. अशा वेळी कृत्तिका नवऱ्यास उघड जाब विचारते, आणि नाटककार संशयाचे माप दोघांच्या पदरात सारखेच घालतो. हे मर्फीकडून आले हे खरे. पण रूपांतर करताना ते गाळणे सोपे होते, देवलांनी गाळले नाही.

अमेरिकन चित्रात नवरा फ्लॉरिडास गेल्याची थाप मारून दिव्याखाली अंग काळवंडून घेतो. बायको गायनशिक्षकाबरोबर मोटार बिघडल्याचे सांगत सकाळी घरी येते. पुढे न्यायालय, नव्वद दिवसांची मुदत, आणि कुत्र्याच्या ताब्यावरून तंटा! हॉलिवूडने १९३४ पासून नीतिनियम कडक केले होते. विभक्त जोडप्यासच पुन्हा एकमेकांच्या प्रेमात पाडण्याची युक्ती त्यामुळेच तेथे अधिक मानवली असावी. त्या विनोदाची सारी लज्जत दार उघडे असण्यात आहे. जाता येत असूनही दोघे जात नाहीत.

देवलांच्या जोडप्यास हे दार नव्हते. काही जातींतील काडीमोडीची रूढी सोडल्यास, हिंदूंस देशभर घटस्फोटाची वाट मिळाली ती १९५५ च्या कायद्याने. म्हणून फाल्गुनराव-कृत्तिकेस संशय फिटेपर्यंत एकाच घरात एकमेकांवर पाळत ठेवीत नांदावे लागते. परंतु ज्याचे काहीच वाटेनासे झाले त्याच्यावर कोण पाळत ठेवतो? ही नाडी देवलांस अचूक सापडली होती.

कुत्र्याच्या ताब्याचा तो प्रवेश पाहून या खेपेस आम्हांस पूर्वीइतके हसू आले नाही. मुलाचा दाखला मागावयास एके दिवशी आई आणि दुसऱ्या दिवशी बाप, असे प्रसंग आमच्या कचेरीत हल्ली घडतात. अशा एका जोडप्यास आम्ही मुद्दाम एकाच वेळी बोलाविले. दोघे बाकाच्या दोन टोकांस बसली आणि एकमेकांचे अपराध सांगू लागली. मात्र प्रत्येक अपराधाचा वार आणि सण दोघांचा तंतोतंत जुळत होता. दाराशी उभ्या शिपायास हसू आवरेना. मग त्या बाईसही आवरेना. दाखला त्या दिवशी लिहिला गेला नाही.