विमानात ‘सारखा दिसणारा’ बोल्ट का चालत नाही?

मोबाइलचा स्क्रू हरवला की आपण तसाच दिसणारा दुसरा लावतो. विमानात हे चालत नाही. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची कॉकपिटची काच हवेतच निघाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी धरून ठेवलं म्हणून वाचले. ती काच २७ तास आधीच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट कमी व्यासाचे निघाले. ते नुसत्या नजरेने जुळवले होते.

म्हणून पार्ट नंबर कॅटलॉगमध्ये बघायचा, बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच आवळायचा, आणि महत्त्वाचं काम दुसऱ्याने तपासायचं. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडे याला कोड रिव्ह्यू म्हणतात. पण माझी चूक अपडेटने सुधारते. तिथे तोवर विमान आकाशात असतं.