नौदल गुप्तवार्ता विश्लेषकांचे प्रशिक्षण (अमेरिका)

नौदल गुप्तवार्ता विश्लेषक म्हणजे परकीय नौदलाविषयी निरनिराळ्या मार्गांनी हाती आलेली माहिती पारखून, तिची सांगड घालून सेनापतीला निष्कर्ष सांगणारा अधिकारी वा कर्मचारी होय. हेर माहिती मिळवतो, विश्लेषक तिचा अर्थ लावतो. अमेरिकेच्या नौदलात हे काम शिकवण्याची पद्धत मुख्यतः दोन महायुद्धांच्या दरम्यान व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडली. परकीय भाषा, संदेशग्रहण आणि संकेतभेद हे तिचे तीन आधार होते.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या नौदलाचे गुप्तवार्ता कार्यालय १८८२ मध्ये स्थापन झाले. परकीय जहाजे, तोफा व बंदरे यांची माहिती जमवणे हे त्याचे आरंभीचे काम होते. समुद्रावरील दोन नेमणुकांच्या मध्ये अधिकारी येथे काही काळ काम करीत. या कामाने बढतीस फारसा हातभार लागत नसे, त्यामुळे त्यात आयुष्य घालवणारे थोडेच असत. १९२४ मध्ये लॉरन्स सॅफर्ड यांच्याकडे वॉशिंग्टन येथील संकेतभेदाच्या कामाची जबाबदारी आली आणि पद्धतशीर शिक्षणास सुरुवात झाली. ॲग्नेस ड्रिस्कॉल या पूर्वाश्रमीच्या गणित शिक्षिकेने तेथे अनेक नौदल अधिकाऱ्यांना संकेतभेद शिकवला. जोसेफ रोशफोर्ट हे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी एक होते.

भाषाशिक्षण

निवडक अधिकाऱ्यांना तीन वर्षांसाठी जपानला पाठवण्याची प्रथा होती. रोशफोर्ट व एडविन लेटन हे दोघे १९२९ मध्ये या योजनेतून जपानला गेले. भाषेबरोबरच तेथील चालीरीती व विचारपद्धती जाणून घेणे हाही या वास्तव्याचा हेतू होता. मात्र या मार्गाने तयार होणाऱ्यांची संख्या फार लहान होती. युद्ध सुरू झाल्यावर ती अपुरी पडली. त्यामुळे १९४२ पासून कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे नौदलाची जपानी भाषेची मोठी शाळा चालवण्यात आली. पुढे तेथे स्त्रियांनाही प्रवेश मिळाला. जपानी साहित्याचे अनुवादक एडवर्ड सायडनस्टिकर हे याच शाळेचे विद्यार्थी होत.

छतावरील वर्ग

जपानी नौदलाचे बिनतारी संदेश काना अक्षरांसाठी ठरवलेल्या स्वतंत्र मोर्स खुणांनी पाठवले जात. या अक्षरांची संख्या रोमन वर्णमालेच्या जवळपास दुप्पट असल्याने सामान्य बिनतारी चालकास ते उतरवून घेता येत नसत. म्हणून ऑक्टोबर १९२८ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल इमारतीच्या छतावरील एका खोलीत खास वर्ग सुरू झाला. हॅरी किडर हे त्याचे पहिले शिक्षक होते. काना अक्षरे उमटवणारी टंकयंत्रे यासाठी मुद्दाम बनवून घेण्यात आली. १९४१ पर्यंत नौदलाचे १५० आणि मरीन दलाचे २६ असे १७६ जण येथे शिकले. त्यांना पुढे ‘ऑन-द-रूफ गँग’ हे नाव पडले. संदेशाचा मजकूर उलगडत नसतानाही चालकाच्या हाताची लकब, संदेशांची संख्या व त्यांची दिशा यांवरून जहाजांच्या हालचाली ओळखता येतात, हे या चालकांच्या कामाने सिद्ध झाले.

पर्ल हार्बर व मिडवे

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर झालेल्या हल्ल्याची पूर्वसूचना अमेरिकी ताफ्यास मिळाली नाही. रॉबर्टा वोल्स्टेटर यांनी १९६२ च्या ग्रंथात या अपयशाची चिकित्सा केली. त्यांच्या मते सूचक खुणांचा तुटवडा नव्हता. निरर्थक माहितीच्या गलबल्यातून त्या वेळीच वेगळ्या काढता आल्या नाहीत. हा ग्रंथ आजही या विषयाच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो.

हवाई येथील केंद्राचे प्रमुख रोशफोर्ट होते. मनुष्यबळाची टंचाई असल्याने ‘कॅलिफोर्निया’ या हानी पोहोचलेल्या युद्धनौकेवरील वादकांना तेथे यंत्रांवर काम करण्यास शिकवण्यात आले. मे १९४२ मध्ये जपानी संदेशांत ‘एएफ’ या नावाने उल्लेखलेले लक्ष्य कोणते, याविषयी हवाई व वॉशिंग्टन यांच्यात मतभेद झाला. तेव्हा मिडवे बेटावरील गोड्या पाण्याचे यंत्र बिघडल्याचा खोटा संदेश साध्या भाषेत पाठवण्यात आला. थोड्याच अवधीत ‘एएफ’ येथे पाण्याची टंचाई असल्याचा जपानी संदेश पकडला गेला. त्यावरून मिडवे हेच लक्ष्य असल्याची खात्री पटली. लेटन यांनी ॲडमिरल निमिट्झ यांना हल्ल्याचा दिवस, वेळ व दिशा सांगितली. ती जवळजवळ तंतोतंत ठरली. जूनमधील या लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. वॉशिंग्टनशी झालेल्या वादाची झळ मात्र रोशफोर्ट यांना लागली. त्यांना त्याच वर्षी हवाईहून हलवण्यात आले आणि या कामगिरीचे मोठे सन्मानपदक १९७६ मधील त्यांच्या मृत्यूनंतर देण्यात आले.

सद्यस्थिती

आज नौदलाच्या गुप्तवार्ता कर्मचाऱ्यांचे मूलभूत शिक्षण व्हर्जिनिया राज्यातील डॅम नेक येथे होते. छायाचित्रांचे वाचन, जहाजांची ओळख, अहवाललेखन व सेनापतीपुढील निवेदन यांना त्यात महत्त्व असते. प्रत्यक्ष माहिती आणि अनुमान वेगळे दाखवणे, निष्कर्षाची शक्यता स्पष्ट शब्दांत सांगणे व पर्यायी स्पष्टीकरणांचा विचार करणे ही मानके आता अमेरिकेच्या सर्व गुप्तवार्ता संस्थांना लागू आहेत. विश्लेषकाने काढलेला निष्कर्ष वरिष्ठांना अप्रिय असला तरी पुराव्यासह मांडला जावा, हा त्यांमागील उद्देश आहे.