पावलांचा कानोसा आणि आक्रसणारे वर्तुळ

‘प्लेअरअननोन्स बॅटलग्राउंड्स’ हा ‘पबजी’ या लघुनामाने घरोघरी पोहोचलेला लष्करी धाटणीचा नेमबाजीचा खेळ. आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यांची कल्पना आणि दक्षिण कोरियातील ब्लूहोल कंपनीची निर्मिती असलेला हा खेळ मार्च २०१७ मध्ये संगणकावर आला, आणि वर्षभरात त्याची मोबाइल आवृत्ती जगभर खुली झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यापासून भारतात डेटा स्वस्त झालेला होता. त्यामुळे एरवी महागडा संगणक मागणारा हा प्रकार शहरांतील सायबर कॅफेंपुरता उरला नाही. तो तालुक्याच्या गावांपर्यंत गेला. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडील, सती नदीकाठचे कुरखेडा हे असेच एक तालुक्याचे ठिकाण. फरक इतकाच, की खेळ ज्यांची नक्कल करतो त्या रायफली, गस्त आणि दबा या गोष्टी या परिसराने अनेक वर्षे प्रत्यक्षात अनुभवल्या आहेत.

खेळाची मांडणी साधी आहे. शंभर खेळाडू विमानातून एका ओसाड बेटावर रिकाम्या हाताने उतरतात. शस्त्रे, शिरस्त्राणे, औषधे घराघरांतून शोधायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचे. ‘एरांगेल’ हा मूळ नकाशा आठ किलोमीटर लांब व तितकाच रुंद आहे. एवढ्या विस्तारात शंभर माणसे एकमेकांना सापडणे कठीण, म्हणून ठरावीक वेळाने सुरक्षित क्षेत्राचे वर्तुळ लहान होत जाते. त्याबाहेर राहणाऱ्याची प्राणशक्ती घटते. शेवटी उरलेल्या मोजक्यांना एखाद्या शेतावर किंवा टेकडीवर समोरासमोर यावेच लागते. खेळाचे खरे इंजिन बंदूक नसून हे वर्तुळ होय.

त्याच्या खालोखाल महत्त्व ध्वनीचे. पडद्यावर जे दिसते त्याहून कितीतरी अधिक येथे ऐकू येते, आणि मुरलेला खेळाडू कानांनीच खेळतो. गवतावरचे पाऊल वेगळे, लाकडी फळीवरचे वेगळे, पाण्यातले वेगळे. पळणाऱ्याची चाहूल दुरून लागते, वाकून चालणाऱ्याची जवळ आल्यावरच. इअरफोनच्या डाव्या-उजव्या बाजूंतील आवाजाच्या कमी-अधिक पातळीवरून दिशा कळते. वरच्या मजल्यावरचा शत्रू की खालच्या, हे ओळखणे मात्र अनुभवी माणसालाही अनेकदा साधत नाही. मोबाइलवर बहुतेक जण साध्या स्पीकरवर खेळतात, म्हणून तेथे कोपऱ्यातील छोट्या नकाशावर पावलांच्या व गोळीबाराच्या खुणाही उमटतात. जाणकारांना ही सवलत फारशी रुचत नाही.

गोळीच्या आवाजामागे तर भौतिकशास्त्रच आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर एके प्रकारच्या रायफलीची गोळी नळीतून सुमारे ७१५ मीटर वेगाने निघते. चारशे मीटरवरून झाडलेली गोळी आधी कानाजवळून चाबूक ओढल्यासारखी जाते आणि बंदुकीचा धडाका त्यानंतर सुमारे अर्ध्या सेकंदाने पोहोचतो. पहिला आवाज दिशेबाबत फसवा, दुसरा खरा. संगणकावरील मूळ खेळात हे अंतर जपलेले आहे, आणि दोन आवाजांमधील फटीवरून शत्रू किती दूर आहे याचा अंदाज बांधणे हे तेथील एक कौशल्य मानले जाते. सायलेन्सर लावला की हा हिशेबच कोलमडतो.

जो हलतच नाही त्याचा आवाज मात्र येत नाही. दारामागे वा झुडपात निपचित बसून राहणाऱ्यास खेळाडू ‘कॅम्पर’ म्हणून हिणवतात. पण त्याचीही मुदत ठरलेली असते. वर्तुळ सरकले की त्याला उठावे लागते, आणि उठला की ऐकू येतो.

कुरखेड्याच्या रानात असे वर्तुळ नव्हते. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहनांची माओवाद्यांनी जाळपोळ केल्यानंतर तिकडे निघालेले पोलिसांच्या शीघ्र कृती पथकाचे वाहन जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवण्यात आले. १५ पोलीस आणि वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. रस्त्याखाली पुरलेल्या स्फोटकाला पावले नसतात, आणि ते पेरणाऱ्याला हव्या त्या क्षणापर्यंत थांबता येते. खेळ खेळता यावा म्हणून त्यातला धोका बहुधा आधी आपली चाहूल देतो. ही सोय वास्तवातून घेतलेली नसून वास्तवावर केलेली दुरुस्ती आहे.

प्रगतीची रचनाही अशीच विचारपूर्वक आखलेली दिसते. २००७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ या खेळाने ५५ पायऱ्यांची शिडी रूढ केली होती, अधिक खेळणाऱ्यास नव्या बंदुका व खास कौशल्ये मिळत, त्यामुळे नवख्याला जुन्याशी विषम झुंज द्यावी लागे. पबजीत प्रत्येक डाव शून्यापासून सुरू होतो. डावाबाहेर मात्र ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस अशी चढण असून सर्वांत वर ‘कॉन्करर’ हा मोजक्या पाचशे जणांचा मान आहे. हंगाम संपला की दर्जा खाली ओढला जातो आणि चढण पुन्हा सुरू होते. मुले रात्र-रात्र ‘रँक पुश’ करतात ती यापायी. खालच्या पायऱ्यांवर यंत्रचलित ‘बॉट’ प्रतिस्पर्धी सहज मारले जातात, त्यामुळे नवख्याला आपण तरबेज असल्याचा भास होतो. गंमत अशी, की लवकर मेल्यास गुण जात असल्याने वरच्या दर्जासाठी धडपडणाराच पुष्कळदा दबून बसतो. शौर्याच्या जाहिरातीवर विकला जाणारा खेळ सावधपणाला बक्षीस देतो.

या सर्वांस दुवा जोडतो तो इंटरनेटचा. सर्व्हरपर्यंतच्या फेरीस लागणारा वेळ, खेळाडूंच्या भाषेत ‘पिंग’, पन्नास मिलिसेकंदांच्या आत असल्यास खेळ सुरळीत चालतो. तो दोनशेच्या पुढे गेला की पाऊल ऐकू येईपर्यंत गोळी लागलेली असते. दुर्गम भागातील खेळाडूचे कान कितीही तयार असोत, त्याची निम्मी बाजी मोबाइलचा मनोरा ठरवतो.

भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने तो परत आणला. या आवृत्तीत रक्त हिरवे झाले, ‘किल’ची जागा ‘फिनिश’ने घेतली आणि अल्पवयीनांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आली. जुलै २०२२ मध्ये तोही हटवला गेला व मे २०२३ मध्ये परतला. दरम्यान पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने, ‘मास्कगन’नंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा स्वतःचा बॅटल रोयाल खेळ बाजारात आणला. त्यात शेवटचा जिवंत उरण्याखेरीज ‘कॉस्मियम’ नावाचे द्रव्य हस्तगत करूनही डाव जिंकता येतो.