तोंडातले व्रण आणि दोन मिनिटांची चूळ

कॅन्सरचे औषध म्हटले की तोंड येणारच, असे बराच काळ गृहीत धरले जाई. केमोथेरपीत झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मरतात, त्यात तोंडाचे नाजूक अस्तरही सापडते. मग मिठाच्या पाण्याच्या चुळा, वेदनाशामके, फारच झाले तर औषध बंद. ठरावीक रेणूवरच काम करणाऱ्या औषधांमुळे हा छळ टळेल, ही आशा त्यांतल्याच एव्हरोलिमस या औषधाने खोटी ठरवली. उपाय हाती यायला उशीर झाला, तो मात्र उपायाचे औषध दुर्मिळ होते म्हणून नव्हे. नव्या व्रणांना जुन्याच व्रणांत जमा केले गेले, म्हणून झाला.

खुणा आधीपासून होत्या. रापा नुई बेटावरून 1964 साली कॅनडाच्या मोहिमेने आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या मॉन्ट्रियलमधल्या चमूने रापामायसिन मिळवले. एव्हरोलिमस त्याचेच रूप. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना रापामायसिन देत, तेव्हाही काहींच्या तोंडात व्रण येत. 2010 मध्ये स्टीफन सोनिस आणि सहकाऱ्यांनी रापामायसिनच्या गटातल्या औषधांचे व्रण नीट निरखले. ते लहान, गोल, रेखीव कडांचे होते, म्हणजे एरवी तोंड येते तेव्हा दिसतात तसे. त्या साध्या व्रणांवर दंतवैद्य पूर्वापार स्टेरॉइड वापरत आले होते. मग इथेही तेच, आणि व्रण उठण्याआधीच, का वापरू नये?

होप रुगो यांच्या ‘स्विश’ चाचणीने 2017 मध्ये याचे उत्तर दिले. स्तनाच्या कॅन्सरसाठी एव्हरोलिमस घेणाऱ्या स्त्रियांनी अल्कोहोलविरहित डेक्सामेथासोनचे 10 मिली द्रावण दिवसातून चार वेळा दोन मिनिटे तोंडात घोळवून थुंकायचे होते. आठ आठवड्यांत मध्यम किंवा त्याहून तीव्र व्रण मोजणीत धरता आलेल्या 85 पैकी फक्त दोघींना आले. एव्हरोलिमसच्याच आधीच्या ‘बोलेरो-2’ चाचणीत हे प्रमाण 33 टक्के होते. तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. दरम्यान डॉक्टरही सावध झाले होते, काही श्रेय त्यालाही जावे. पण हे व्रण बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांतच उठतात. तेवढ्याच काळात एक तृतीयांशावरून दोन टक्क्यांवर झालेली घसरण नुसत्या सावधपणाने होईल, हे मला पटत नाही. स्टेरॉइडमुळे तोंडात बुरशी माजेल ही भीतीही होती. पण बुरशी एकूण 92 पैकी दोघींनाच झाली. 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॅटोपोटामॅब डेरक्स्टिकॅन या कॅन्सरच्या औषधासोबतही आज स्टेरॉइडची चूळ सुचवली जाते. त्या औषधाचे काम मात्र निराळ्या तऱ्हेने चालते, त्यामुळे एव्हरोलिमसचा पुरावा त्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तिथले व्रण पुन्हा पहिल्यापासून निरखावे लागतील.