दिनविशेष : १४ जानेवारी
महाश्वेता देवी यांचा जन्म (१९२६)

बंगाली कादंबरीकार आणि आदिवासींच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या पत्रकार महाश्वेता देवी यांचा जन्म ढाक्याचा. १९५६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पहिले पुस्तक आपल्या झाशीच्या राणीवर होते. त्यासाठी त्या बुंदेलखंडात हिंडून लोकांकडून गाणी-कहाण्या गोळा करत होत्या. पुढे पलामूचे वेठबिगार, पुरुलियाचे शबर यांच्या वस्त्यांतही त्या अशाच हिंडल्या. त्यातून कथा आल्या आणि वृत्तलेखही; दोहोंतला फरक त्यांनी फारसा मानला नाही.

वडिलांचे ‘बर्तिका’ हे नियतकालिक १९८० च्या सुमारास हाती आल्यावर त्यांनी ते शेतकरी, मजूर, रिक्षावाले यांना लिहायला मोकळे केले. कोलकात्यात मनोरंजन ब्यापारी या रिक्षाचालकाने सवारीतल्या बाईंना ‘जिजीविषा’ या शब्दाचा अर्थ विचारला. बाईंनी अर्थ सांगितला आणि वर ‘बर्तिका’साठी लिहायलाही सांगितले. ब्यापारी पुढे नामवंत लेखक झाले.

‘हजार चुराशीर माँ’ सर्वांना ठाऊक. बिरसा मुंडांवरील ‘अरण्येर अधिकार’ला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ज्ञानपीठ आणि मॅगसेसे नंतरचे. पण १९९८ चे काम अधिक मोलाचे वाटते. त्या फेब्रुवारीत पुरुलियात बुधन शबर पोलीस कोठडीत मरण पावला. बाईंच्या शबर संघटनेने कोलकाता उच्च न्यायालय गाठले. भरपाई आणि सीबीआय चौकशीचा आदेश झाला. त्याच वर्षी शबरांसारख्या भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी त्यांनी देशपातळीवर गट उभारला. त्यात त्यांच्यासोबत गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड होते.

२८ जुलै २०१६ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.